दगडी जहाजावरचे एकमत

लिस्बनच्या बेलेम भागात, टेगस नदीच्या अगदी काठावर, एक दगडी जहाज उभे आहे. उंची सुमारे ५६ मीटर. नाळेवर, हातात लहानशी नौका घेतलेला, राजपुत्र हेन्रीक. त्याच्या मागे दोन्ही बाजूंच्या उतरत्या कठड्यांवर सोळा-सोळा माणसे. त्यांत दर्यावर्दी आहेत, एक राजा आहे, धर्मोपदेशक, नकाशाकार, बखरकार, एक चित्रकार आणि एक कवीही आहे. आणि सगळ्यांत मिळून स्त्री एकच, हेन्रीकची आई फिलिपा. वास्को द गामा, काब्राल, मॅगेलन, अल्बुकर्क, फ्रान्सिस झेवियर ही नावे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. तेहेतीसच्या तेहेतीस माणसांची तोंडे पाण्याकडे आहेत आणि सारी जणू एकाच श्वासाने पुढे सरकत आहेत. या स्मारकाविषयी पोर्तुगालमध्ये आणि बाहेरही दोन मते ऐकू येतात. एका पक्षाला ते एका चिमुकल्या देशाच्या धाडसाचे प्रतीक वाटते, दुसऱ्याला गुलामगिरी आणि लुटीचा गौरव. दोन्ही पक्ष हिरिरीने भांडतात, पण एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकतात: ही तेहेतीस माणसे एका आवाजात बोलतात. मला वाटते, या स्मारकातले सर्वांत मोठे असत्य हे एकमतच आहे. आणि ते खोटे ठरवायला बाहेरून पुरावा आणावा लागत नाही. तो त्याच कठड्यावर, त्या माणसांच्या आयुष्यांत आणि त्यांनी लिहून ठेवलेल्या पानांत आहे.

एकमत कोणाला हवे होते, हे पाहण्यासाठी स्मारकाचा जन्म पाहायला हवा. पंधराव्या-सोळाव्या शतकाशी या बांधकामाचा काही संबंध नाही. शेजारचा जेरोनिमोसचा मठ आणि बेलेमचा बुरूज त्या काळातले आहेत, म्हणून पर्यटकाच्या मनात हे तिसरे बांधकामही आपोआप त्यांच्या पंगतीला बसते. प्रत्यक्षात ते प्रथम उभे राहिले १९४० साली, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने भरवलेल्या ‘पोर्तुगीज जगाच्या प्रदर्शना’साठी. वास्तुविशारद कोतिनेल्ली तेल्मो, शिल्पकार लिओपोल्दो द आल्मेइदा. तेव्हा ते हलक्या सांगाड्यावर चढवलेले तात्पुरते काम होते. युरोप महायुद्धात होरपळत असताना तटस्थ राहिलेल्या पोर्तुगालने त्या प्रदर्शनात स्वतःच्या साम्राज्याची झांकी मांडली. त्यासाठी बेलेमची नदीकाठची जुनी वस्ती पाडण्यात आली आणि वसाहतींमधून आणलेली माणसे जवळच्या वसाहत-उद्यानात, नमुने मांडावेत तशी, लोकांना दाखवण्यात आली. प्रदर्शन संपल्यावर तात्पुरते जहाजही काढून टाकले गेले. ते पुन्हा, या वेळी काँक्रीट आणि दगडात, कायमचे उभे राहिले १९६० साली. निमित्त होते हेन्रीकच्या मृत्यूला ५०० वर्षे झाल्याचे.

निमित्त पाचशे वर्षांपूर्वीचे असले तरी गरज १९६० ची होती. त्या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले आणि डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला. आपल्या वसाहती या वसाहती नसून ‘सागरापलीकडचे प्रांत’ आहेत, हा शब्दबदल पोर्तुगालने १९५१ मध्ये राज्यघटनेतच करून ठेवला होता. तो खरा वाटायचा तर इतिहासाची साक्ष हवी, आणि साक्षीदारांत मतभेद असून चालणार नव्हते. स्मारकासमोरच्या फरशीत ५० मीटर व्यासाचे दिशाचक्र आहे, त्याच्या मधोमध जगाचा नकाशा, आणि पोर्तुगीज कुठे कधी पोहोचले याची साले. हे दिशाचक्र दक्षिण आफ्रिकेने दिलेली भेट आहे, आणि तीही १९६० सालची. त्याच देशातल्या शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर गोळ्या झाडल्या ते हेच वर्ष. आज त्या नकाशावर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्या हजारो माणसांना हा अहेर कोणी, कोणाला आणि का दिला हे कळावे, एवढी किमान अपेक्षा अवाजवी नाही. स्मारकाचे उद्घाटन ऑगस्ट १९६० मध्ये झाले. पुढच्याच वर्षी अंगोलात युद्ध पेटले, आणि उद्घाटनाला सोळा महिने होतात न होतात तोच गोवा मुक्त झाला. शेवटच्या सैनिकापर्यंत लढा, अशी सालाझारची आज्ञा होती. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी ती मानली नाही, शरणागती पत्करली आणि दोन्ही बाजूंची माणसे वाचवली. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. त्यांचा हुद्दा परत मिळाला तो ही राजवट उलथवणारी १९७४ ची क्रांती झाल्यानंतर. एकमताच्या राजवटीत शहाणपणाने घेतलेला वेगळा निर्णय हा गुन्हाच ठरतो.

नावात आणि आकारातही हीच कथा आहे. या स्मारकाला ‘पाद्रांव’ म्हणतात. पोर्तुगीज खलाशी नव्या किनाऱ्यावर उतरले की राजाची मुद्रा आणि वर क्रूस असलेला दगडी खांब रोवत. त्याला पाद्रांव म्हणत. दियोगो कांवने १४८० च्या दशकात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असे खांब रोवले, गामाने पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीला रोवला. तो खांब म्हणजे जमिनीवरचा दावा असे, ज्यांची जमीन त्यांना न विचारता केलेला. नामिबियाच्या किनाऱ्यावरून जर्मनीत नेलेला असाच एक खांब परत देण्याचा निर्णय बर्लिनच्या संग्रहालयाने २०१९ मध्ये घेतला, कारण तो कोणाची आठवण आहे याचा नव्याने विचार झाला. बेलेमचे स्मारक बाजूने पाहिले तर शिडे उभारलेले जहाज दिसते. जमिनीच्या बाजूने, प्रवेशद्वारासमोरून पाहिले तर दारावर उभी असलेली प्रचंड तलवार दिसते. जहाजाची छायाचित्रे जगभर गेली. तलवारीकडे थोड्यांचेच लक्ष जाते. शिल्पकाराने मात्र ती लपवलेली नाही.

आता कठड्यावरच्या माणसांकडे येऊ. पश्चिमेच्या बाजूला राजपुत्र पेद्रो आहे, हेन्रीकचा थोरला भाऊ, काही वर्षे राज्याचा कारभारी. पूर्वेच्या बाजूला राजा आफोन्सो पाचवा, या दोघांचा पुतण्या. दगडात ते एकाच जहाजाचे प्रवासी आहेत. १४४९ च्या मे महिन्यात आल्फारोबेइराच्या लढाईत याच आफोन्सोच्या सैन्याने याच पेद्रोला ठार केले, आणि हेन्रीक तेव्हा राजाच्या बाजूला होता. फर्नांदो हा या भावंडांतला धाकटा. तोही पश्चिमेच्या कठड्यावर आहे. १४३७ मध्ये हेन्रीकच्या नेतृत्वाखाली मोरोक्कोतल्या टँजिअरवर केलेली स्वारी फसली, आणि सैन्याची सुटका व्हावी म्हणून फर्नांदोला ओलीस ठेवावे लागले. पोर्तुगालने आधी जिंकलेले सेउटा शहर परत दिले असते तर तो सुटला असता. सेउटा दिले नाही, आणि १४४३ मध्ये तो फेझच्या कैदेत मेला. नंतर त्याला संत-राजपुत्र म्हटले गेले. म्हणजे नाळेवर ज्याची मूर्ती सर्वांत पुढे आहे त्याच्या निर्णयांची किंमत मागे उभ्या असलेल्या दोन सख्ख्या भावांनी जिवाने मोजली. ‘नॅव्हिगेटर’ हे बिरुद हेन्रीकला फार उशिरा चिकटले. तो स्वतः मोरोक्कोच्या पलीकडे कधी गेलाच नाही. मॅगेलनची गोष्ट आणखी बोलकी. पोर्तुगीज राजाने डावलल्यावर तो स्पेनच्या चाकरीत गेला आणि १५१९ मध्ये स्पेनची जहाजे घेऊन निघाला. मायदेशात तो गद्दार ठरला, आणि त्याच्या ताफ्यातले त्रिनिदाद हे जहाज पुढे पोर्तुगिजांनीच मोलुक्कास बेटांजवळ ताब्यात घेतले. १९६० च्या दगडाने हे सगळे पुसून त्याला निमूटपणे रांगेत उभे केले.

घराण्यातली भांडणे सगळीकडेच असतात, हे कोणी म्हणेल. पण या जहाजावरचा मतभेद घराण्यापुरता नाही. तो मोहिमांच्या अर्थाबद्दलच आहे, आणि तो या माणसांनी स्वतः लिहून ठेवला आहे. बखरकार झुरारा हेन्रीकच्या पदरचा, त्याची थोरवी गाण्यासाठीच लेखणी धरलेला. ८ ऑगस्ट १४४४ रोजी लागोस बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या २३५ माणसांची वाटणी झाली. हेन्रीक घोड्यावर बसून ती पाहत होता. त्याच्या पाचव्या हिश्शाला ४६ माणसे आली. हे आकडे झुरारानेच दिले आहेत. आई-मुले, भाऊ-भाऊ यांची ताटातूट, लेकरांना कवटाळून जमिनीवर आडव्या पडणाऱ्या आया, हेही त्यानेच लिहिले, आणि ते पाहून आपल्याला रडू आले असेही लिहिले. पुढे तो त्या माणसांचे आत्मे तरले म्हणून स्वतःचे समाधान करून घेतो, हे विसरायचे कारण नाही. तरी ज्या पानावर त्याचे समाधान आहे त्याच पानावर त्याचे अश्रूही आहेत, आणि दोन्ही मिळूनच तो माणूस होतो. जहाजावर तो उभा आहे. त्याचे ते पान जवळपास कुठेही नाही.

कामोइंशचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. गामाच्या सफरीवर १५७२ मध्ये महाकाव्य प्रसिद्ध करणारा हा कवी राजवटीचा लाडका होता, कारण महाकाव्य म्हणजे राष्ट्राची एकमुखी वाणी अशी तिची समजूत. पण त्या काव्याच्या चौथ्या सर्गाच्या शेवटी, गामाची जहाजे निघण्याच्या घटकेला, किनाऱ्यावरच्या गर्दीतून एक वृद्ध पुढे येतो आणि या सगळ्या उद्योगाचा धिक्कार करतो: कीर्तीची हाव, घरातली माणसे उघड्यावर टाकून जाणे, त्यातून ओढवणारे अनर्थ. त्या वृद्धाला पोर्तुगीज साहित्यात ‘रेस्तेलोचा म्हातारा’ म्हणून ओळखतात. रेस्तेलो म्हणजे हाच किनारा, बेलेमचे जुने नाव. म्हणजे स्मारक ज्या जागी उभे आहे तिथेच, त्याच्यावर कोरलेल्या कवीने, चारशे वर्षे आधी या स्मारकाला उत्तर देऊन ठेवले आहे. कामोइंश स्वतः १५५३ मध्ये गोव्याला आला होता, पूर्वेकडची पोर्तुगीज सत्ता त्याने आतून पाहिली होती. त्या वृद्धाच्या तोंडी त्याने उगाच चार ओळी घातल्या असे मानणे कवीवर अन्याय आहे. त्याच कठड्यावर फर्नांव मेंदेश पिंतो आहे. त्याच्या मृत्यूनंतर, १६१४ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात आशियाई समुद्रातली पोर्तुगीज चाचेगिरी उघडपणे येते, आणि एक लहान चिनी मुलगा लुटारूंच्या म्होरक्याला त्याच्या तोंडावर सुनावतो की देवाचे नाव घेत चोरी करणारी ही कसली माणसे. पिंतोचे किती खरे आणि किती रचलेले, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण रचलेले असेल तर त्या टीकेचे श्रेय पिंतोलाच अधिक जाते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: त्या काळाला आजची फूटपट्टी लावू नका. आक्षेपात तथ्य आहे. पंधराव्या शतकातल्या खलाशाकडून मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची अपेक्षा करणे अडाणीपणाचे आहे. पण मग त्या काळाची फूटपट्टी तरी नीट वापरा. झुराराचे अश्रू, कामोइंशचा वृद्ध, पिंतोचा मुलगा यांतला एकही आजचा नाही. १५०२ मध्ये गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज, त्यातल्या बायका-मुलांसह, जाळले. ते आपल्याला पोर्तुगीज ताफ्यातल्याच तोमे लोपेशने लिहिलेल्या वृत्तान्तातून कळते, आणि तो वृत्तान्त शांत मनाने लिहिलेला नाही. त्या काळात ज्यांना हे खटकले ती माणसेही त्या काळाचीच होती. काळाचे नाव पुढे करून त्यांना गप्प करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा, आणि अधिक गंभीर. २०२१ च्या फेब्रुवारीत पोर्तुगालच्या एका समाजवादी खासदाराने हे स्मारक खरे तर पाडायला हवे होते असे लिहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोणीतरी त्याच्या भिंतीवर, पैशामागे आंधळेपणाने निघालेल्या सफरींत माणुसकी रक्ताच्या समुद्रात बुडते आहे, अशा अर्थाची ओळ रंगवली. ज्यांचे पूर्वज लागोसच्या मैदानावर वाटले गेले त्यांनी या दगडाखालून रोज जावे आणि शांतपणे ‘वाचन’ करावे, असे सांगणे सोपे नाही हे मला मान्य आहे. गुलाम केलेल्यांचे स्मारक लिस्बनमध्ये व्हावे म्हणून नागरिकांनी महापालिकेच्या सहभागी अर्थसंकल्पात मतदान केले, अंगोलाचे कलाकार किलुआंजी किया हेंदा यांचे शिल्प निवडले गेले, आणि ते काम वर्षानुवर्षे रखडले. सालाझारचे जहाज वेळेवर पूर्ण झाले होते. या तुलनेतला संताप रास्त आहे आणि त्यावर उपायही एकच आहे, ते शिल्प उभारणे. पण पाडण्याच्या मागणीत मला एक चूक दिसते. पाडताना आपण राजवटीचा शब्द खरा मानतो. ही तेहेतीस माणसे म्हणजे एक देह, एक इच्छा, असे ती म्हणाली आणि आपण त्या एका देहाला शिक्षा देतो. त्यात रेस्तेलोच्या वृद्धाचा कवीही मातीत जातो, ओलीस ठेवून विसरला गेलेला फर्नांदोही. शिवाय १९४० आणि १९६० ची राजवट इतिहासाशी कशी वागली याचा इतका उघड, इतका मोठा पुरावा दुसरा नाही. गुन्ह्याचा पुरावा आपण नष्ट करत नाही.

सामान्य पर्यटक एवढे वाचणार कसा, हा प्रश्न उरतोच. लोक येतात, लिफ्टने वर जातात, नदी पाहतात, परततात. स्मारकाच्या आत १९८५ पासून प्रदर्शनाची दालने आहेत, आणि तिथे २०१७ मध्ये वंशवादावर, २०२१ मध्ये वसाहतींच्या छायाचित्रांवर अशी धीट प्रदर्शने झाली आहेत. महापालिकेच्या संस्थेने ही जागा साम्राज्याच्या गौरवासाठी न वापरता विचारासाठी वापरली, याचे मोल मोठे आहे. पण प्रदर्शन तात्पुरते असते आणि आतले असते. दगड कायमचा असतो आणि उघड्यावर असतो. म्हणून उत्तर बाहेर, मूर्तींच्या पायथ्याशी हवे. झुराराखाली त्याचे १४४४ चे पान, आकड्यांसह. पेद्रो आणि आफोन्सो यांच्याखाली आल्फारोबेइरा. कामोइंशखाली त्याच्या वृद्धाचे भाषण. दिशाचक्राच्या काठावर ते देणाऱ्याचे नाव आणि साल, शार्पव्हिलसह. यातला एकही मजकूर परक्याचा नसेल. बहुतेक पोर्तुगीज भाषेतच आधीपासून लिहिलेला आहे.

आणि जे कठड्यावर नाहीत त्यांचीही नोंद हवी, कारण एकमत साधायला काहींना गप्प करावे लागते तसे काहींना मुळात चढूच द्यायचे नसते. मालिंदीच्या राजाने गामाला वाटाड्या दिला नसता, तर २३ दिवसांत अरबी समुद्र ओलांडून कालिकत गाठणे शक्य नव्हते; काही जुन्या वृत्तान्तांनुसार हा वाटाड्या गुजराती होता. गामाचे लोक कालिकतला उतरले तेव्हा त्यांच्याशी स्पॅनिश बोलणारे ट्युनिसचे व्यापारी तिथे हजर होते. मग शोध नेमका कोणी कोणाचा लावला? ज्योतिर्विद आब्रहाम झाकुतोची कोष्टके पोर्तुगीज खलाशांनी वापरली. १४९६-९७ मध्ये ज्यूंवर धर्मांतराची सक्ती झाली आणि त्याला देश सोडावा लागला. पूर्वेच्या कठड्यावर फ्रान्सिस झेवियर आहे, ज्याने १५४६ मध्ये राजाकडे पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, मागितले. १५६३ मध्ये गोव्यात औषधी वनस्पतींवरचा अजोड ग्रंथ छापणारा गार्सिया द ओर्ता नाही. त्याच इन्क्विझिशनने ओर्ताची हाडे १५८० मध्ये उकरून जाळली. अल्बुकर्क आहे, पण १५१० मध्ये ज्याच्या मदतीशिवाय त्याला गोव्यात पाऊल ठेवता आले नसते तो होनावरचा तिमय्या नाही. खलाशांचे कसब खरे होते. लाकडी जहाजातून, अर्ध्याअधिक सोबत्यांना रोगाने गमावून, अज्ञात अक्षांशांत जाणाऱ्या माणसांबद्दल आदर वाटू नये असे मी म्हणणार नाही. पण ते कसब अनेकांचे होते, आणि त्यातल्या अनेकांना पोर्तुगालने नंतर हाकलले, जाळले किंवा विसरले.

मराठी आणि गोमंतकीय वाचकाचा या दगडाशी संबंध केवळ पर्यटनाचा नाही. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीवर गामा अजून उभा आहे. अल्बुकर्क आणि कामोइंश यांचे पुतळे तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आहेत. पुतळे पायथ्यावरून उतरवणे आणि तरी राखून ठेवणे, हा मार्ग गोव्याने निवडला. कवी आणि सेनानी हे दोघे वेगळे वाचावेत, याची सोय त्यामुळे अधिक झाली. बेलेमला जाणाऱ्या आपल्या माणसाने एक गोष्ट मात्र जरूर करावी. बेलेमच्या स्थानकावरून नदीकाठाने समुद्राकडे जाणारी लोकल पकडावी. काही स्थानकांनंतर काशियास येते. तिथल्या किल्ल्यात सालाझारची राजवट आपल्याशी असहमत माणसांना ठेवत असे. सांगलीहून गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले आणि सशस्त्र लढ्यात पकडले गेलेले मोहन रानडे इथेच होते. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे त्यांना सोडले नव्हते, सुटका झाली ती जानेवारी १९६९ मध्ये. गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक तेलो द मास्करेन्हस इथेच होते. आणि त्यांच्या आजूबाजूच्या कोठड्यांतून होते पोर्तुगीज: कामगार, विद्यार्थी, कम्युनिस्ट, ज्यांना वसाहतींचे युद्ध आणि हुकूमशाही दोन्ही नको होती. त्यांच्या कोठड्या उघडल्या एप्रिल १९७४ मध्ये, क्रांतीनंतर एक-दोन दिवसांत. नदीच्या एकाच काठावर, काही किलोमीटरच्या अंतराने, तेहेतीस माणसे दगडात एकमताने उभी होती, आणि ज्यांचे मत वेगळे होते ती माणसे काशियासच्या भिंतींआड होती.